विली ओ’री : बर्फावरील हॉकीचा एक खेळाडू

हॉकी म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान, अकरा-अकरा गडी, वांकड्या टोकाच्या काठ्या आणि पांढरा चेंडू असें चित्र उभें राहतें. कॅनडांत त्याच शब्दाचा अर्थ अगदीं निराळा आहे. तेथें हिवाळा चार-पांच महिने मुक्काम ठोकून बसतो. नद्या आणि तळीं गोठून फरशीसारखीं टणक होतात. आणि पायांत पोलादी पात्यांचे बूट चढवून मुलें त्या बर्फावर जो खेळ खेळतात, तीच तेथील हॉकी. तिला मुद्दाम ‘बर्फावरील हॉकी’ म्हटलें, तर तेथील माणसाला तें ‘पाण्यांतील पोहणें’ म्हटल्यासारखें चमत्कारिक वाटेल.

या खेळांत गोलरक्षक धरून प्रत्येक पक्षाचे सहा गडी एका वेळीं उतरतात. पटांगण २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असून त्याच्या भोंवतीं कमरेहून थोडें उंच असें भक्कम कुंपण असतें. चेंडूच्या जागीं ‘पक’ नांवाची टणक रबराची चकती असते. ती तीन इंच रुंद, एक इंच जाड आणि वजनानें साडेपांच ते सहा औंस भरते. कसलेल्या गड्याच्या काठीवरून सुटलेली ही चकती ताशीं शंभर मैलांच्या आसपास वेग गांठूं शकते. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. पण त्यांत एकच गडी सलग पळत राहत नाहीं. मिनिटभर जीव तोडून धांवावें, कुंपणाबाहेर जाऊन बसावें, आणि ताज्या दमाच्या गड्यानें त्याची जागा घ्यावी, असा पाठशिवणीचा क्रम चाललेला असतो. प्रतिपक्षाच्या गड्याला अंगानें धडक देणें हें नियमाला धरून आहे. १९५० नंतरच्या त्या दशकांत डोक्याला शिरस्त्राण घालण्याची चाल जवळजवळ नव्हतीच; गोलरक्षकसुद्धां उघड्या तोंडानें उभे राहत.

अशा या खेळांत एक माणूस, अधूनमधून थांबून कां होईना, वीस वर्षें एकाच डोळ्याच्या बळावर खेळला; आणि आपला दुसरा डोळा गेलेला आहे हें त्यानें संघाच्या चालकांना कळूं दिलें नाहीं, कीं प्रतिस्पर्ध्यांना कळूं दिलें नाहीं. त्याचें नांव विली ओ’री. जगाला तो ठाऊक आहे तो मात्र दुसऱ्याच कारणासाठीं. कॅनडा आणि अमेरिका या दोन देशांतील धंदेवाईक संघांची ‘नॅशनल हॉकी लीग’ नांवाची जी संघटना १९१७ सालीं स्थापन झाली, तींत खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याचा वर्ण सर्वांना दिसत होता, आणि त्याची चर्चाहि भरपूर झाली. त्याच्या खेळाचें गणित ठरलें तें मात्र कोणालाच न दिसणाऱ्या गोष्टीवर.

ओ’रीचा जन्म १५ ऑक्टोबर १९३५ रोजीं न्यू ब्रन्सविक प्रांताची राजधानी फ्रेडरिक्टन येथें झाला. मोठ्या खटल्याच्या घरांतलें हें शेंडेफळ. त्याचे पूर्वज अमेरिकेंतील दक्षिण कॅरोलिना संस्थानांत गुलाम होते, आणि तेथून सुटून अठराव्या शतकांतच ते कॅनडांत आले होते. फ्रेडरिक्टनमध्यें त्या काळीं कृष्णवर्णीय कुटुंबें अवघीं दोन. तिसऱ्या वर्षीं विली बर्फावर उभा राहिला, पांचव्या वर्षीं मुलांच्या संघांतून खेळूं लागला. थोरला भाऊ त्याचा पहिला गुरु. धडक कशी द्यावी यापेक्षां ती कशी घ्यावी, हें त्यानें आधीं शिकविलें. आणि पुढील आयुष्यांत त्या शिकवणीचाच अधिक उपयोग झाला.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. कृष्णवर्णीयांना हा खेळ नवा होता, असें मुळींच नाहीं. ओ’रीच्या शेजारच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतांत, हॅलिफॅक्स येथें, कृष्णवर्णीय खेळाडूंची स्वतंत्र हॉकी लीग १८९५ सालींच निघालेली होती. पुढें टोरोंटोचा हर्ब कार्नेगी हा खेळाडू तर इतका कसबी होता कीं, मोठ्या लीगमध्यें त्याला सहज जागा मिळावी. १९४८ सालीं न्यूयॉर्क रेंजर्स या संघानें त्याला आपल्या दुय्यम संघांत घेण्याची तयारी दाखविली. परंतु देऊं केलेलें वेतन त्याच्या चालू कमाईहून कमी होतें, आणि त्यानें नकार दिला. मोठ्या लीगचें दार त्याला पुढें कधींच उघडलें नाहीं. तेव्हां ओ’री पहिला ठरला याचा अर्थ त्याच्यापूर्वीं लायक माणूसच झाला नाहीं असा कोणी करूं नये.

हॉकीइतकाच विली बेसबॉलहि उत्तम खेळे. १९४९ सालीं त्याचा मुलांचा बेसबॉलचा संघ अजिंक्य ठरला, आणि बक्षीस म्हणून त्या मुलांना न्यूयॉर्कची सहल घडली. तेथें ब्रुकलिनच्या मैदानावर जॅकी रॉबिन्सनची गांठ पडली. गोऱ्यांच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्यें १९४७ सालीं शिरलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या वेळीं सर्व अमेरिकेच्या तोंडीं होता. तेरा वर्षांच्या विलीनें त्याला सांगितलें कीं, आपण बेसबॉल तर खेळतोंच, पण हॉकीहि खेळतों. कृष्णवर्णीय मुलें हॉकी खेळतात हें रॉबिन्सनला ठाऊक नव्हतें. एका वाक्याचें संभाषण तें; पण रॉबिन्सनच्या स्मरणांत तें राहिलें होतें, हें पुढें दिसून येईल.

१९५५-५६ च्या हंगामांत ओ’री आँटेरिओ प्रांतांतील किचनर येथील तरुणांच्या संघांत होता. एका सामन्यांत तो प्रतिपक्षाच्या गोलासमोर घुसला असतां जोरानें मारलेली चकती उसळून त्याच्या तोंडावर आदळली. नाक मोडलें, गालाचें हाड मोडलें, आणि उजव्या डोळ्याची सुमारें ९५ टक्के दृष्टि गेली. डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें कीं, हॉकी आतां संपली. त्या वेळीं त्याचें वय वीस. दोन महिन्यांच्या आंत तो पुन्हां बर्फावर उतरला. ही गोष्ट त्यानें आईबापांना सांगितली नाहीं. एका बहिणीला सांगितली, आणि तिच्याकडून ती न फोडण्याचें वचन घेतलें.

डोळा गेला म्हणजे नेमकें काय गेलें, हें जरा समजून घेतलें पाहिजे. दोन्ही डोळे शाबूत असलेल्या माणसाला मान न वळवितां समोरचें जवळजवळ अर्धें वर्तुळ दिसतें. एक डोळा मिटला कीं त्या बाजूची चांगली मोठी फांक नाहींशी होते. दुसरी गोष्ट अंतराची. आपले दोन डोळे एकच वस्तु किंचित् निरनिराळ्या कोनांतून पाहतात, आणि त्या दोन चित्रांचा मेळ घालून मेंदू ती वस्तु किती दूर आहे हें ठरवितो. एक डोळा मिटून सुईंत दोरा ओवण्याचा प्रयत्न ज्यानें केला असेल, त्याला ही अडचण निराळी समजावून देण्याची जरुरी नाहीं. आतां सुई स्थिर आहे आणि आपणहि स्थिर आहों. ओ’रीची चकती धांवत होती, तो स्वतः धांवत होता, आणि त्याला आडवे पाडूं पाहणारे पांच जण धांवत होते. आरंभीं आरंभीं तो चकतीच्या पुढें निघून जाई. मारलेली चकती गोलाच्या बाजूनें जाई.

त्यांतून त्याची जागा डाव्या बगलेची, म्हणजे ‘लेफ्ट विंग’ची. या जागेवरील गडी डाव्या कुंपणाच्या कडेनें पुढें सरकतो. म्हणजे सारा खेळ त्याच्या उजव्या हाताला चाललेला असतो. चकती त्याच्याकडे यावयाची ती उजवीकडून, आणि धडकहि बहुधा तिकडूनच. आणि उजवीकडे तर ओ’रीला अंधार! चकती कोठें आहे हें पाहण्यासाठीं त्याला वेगानें धांवतांना सगळी मान उजव्या खांद्यावरून मागें वळवून डाव्या डोळ्यानें पाहावें लागे. जी क्षणार्धाची उसंत इतर गड्यांना मिळे, ती त्याची या मान वळविण्यांत खर्च होई. न दिसणाऱ्या गोष्टीचा विचार सोडून द्यावा आणि जें दिसतें आहे त्यावर सर्व लक्ष एकवटावें, असें त्यानें मनाशीं ठरवून टाकलें होतें. ठरविणें सोपें, पण असें एकदोन सामने नव्हे, सहा-सात हंगाम काढणें ही गोष्ट निराळी.

आपल्याकडील वाचकांना येथें मन्सूर अली खान पतौडींची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १९६१ सालीं इंग्लंडांत मोटारीच्या अपघातांत त्यांचाहि उजवा डोळा निकामी झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं ते भारताच्या क्रिकेट संघाचे कप्तान झाले. परंतु पतौडींची स्थिति सर्वांना ठाऊक होती; किंबहुना त्यामुळें त्यांच्या प्रत्येक धांवेचें मोल वाढलें. ओ’रीला हें समाधान मिळण्यासारखें नव्हतें. एका डोळ्यानें अंध झालेल्या खेळाडूस नॅशनल हॉकी लीगच्या नियमांप्रमाणें खेळतांच येत नसे.

हा नियम अन्यायाचा होता असें म्हणतां यावयाचें नाहीं. ज्या खेळांत लोखंडासारखी टणक चकती तोंडाच्या उंचीवरून उडते, तेथें एकच डोळा उरलेल्या माणसाला आंत सोडणें म्हणजे तोहि डोळा पणाला लावणें होय. नियम करणारांनीं हें जाणूनच तो केला होता. ओ’रीनें तो मोडला, आणि अजाणतां नव्हे, जाणूनबुजून मोडला. डोळ्यांची कसून तपासणी कोणी केली नाहीं, आणि त्यानें आपण होऊन कांहीं सांगितलें नाहीं. त्याच्या धैर्याची वाखाणणी करतांना हीहि बाजू पाहिली पाहिजे. मात्र हानि झाली असती तर ती प्रामुख्यानें त्याचीच झाली असती, आणि हें तो पुरतें ओळखून होता. शिवाय दुसऱ्या सर्व बाबतींत ज्याच्याकडे जग बोट दाखवीत होतें, त्यानें आपणहून आणखी एक बोट दाखविण्याजोगें कारण पुढें करावें, ही अपेक्षा जरा जास्तीच होय.

१९५६ सालीं त्याला बेसबॉलच्या मिल्वॉकी ब्रेव्ह्ज या संघानें जॉर्जिया संस्थानांतील वेक्रॉस येथील आपल्या शिबिराला बोलाविलें. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील वर्णभेद त्यानें येथें प्रथम जवळून पाहिला. पाणी पिण्याचे नळ निराळे, राहण्याची जागा निराळी, बसमध्यें बसावयाचें तें मागच्या बांकावर. त्याची निवड झाली नाहीं, आणि त्याचें त्याला फारसें वाईटहि वाटलें नाहीं. घरीं परततांना पांच दिवसांचा बसचा प्रवास होता. बस जसजशी उत्तरेकडे जाऊं लागली तसतसा तो एकेक बांक पुढें सरकत गेला, आणि स्वदेशाच्या सरहद्दीपाशीं पोंचला तेव्हां पुढें बसला होता. बेसबॉलचा नाद त्यानें तेथेंच सोडला.

त्याच वर्षीं तो क्वेबेक एसेस या धंदेवाईक संघांत दाखल झाला. हर्ब कार्नेगीहि पूर्वीं याच संघांतून खेळून गेला होता. पुढें १९५८ च्या जानेवारींत बोस्टन ब्रुइन्स या मोठ्या लीगमधील संघाचा एक खेळाडू जायबंदी झाला, आणि त्याच्या जागीं ओ’रीला बोलावणें आलें. १८ जानेवारी १९५८ रोजीं मॉन्ट्रिऑलच्या ‘फोरम’ या प्रसिद्ध क्रीडागृहांत बोस्टननें बलाढ्य कॅनेडियन्स संघाला ३-० असें हरविलें, आणि त्या सामन्यांत ओ’री खेळला. गवगवा फारसा झाला नाहीं. मॉन्ट्रिऑलच्या प्रेक्षकांनीं त्याला क्वेबेकच्या संघाकडून खेळतांना पूर्वीं पुष्कळदां पाहिलें होतें. आपण इतिहास घडविला हें स्वतः त्याला दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांवरून कळलें, असें तो सांगत असे. दुसरा सामना बोस्टनला झाला. तो संपल्यावर त्याची पुन्हां क्वेबेकला रवानगी झाली.

त्या वेळीं सबंध लीगमध्यें संघ सहाच होते, आणि प्रत्येक संघांत गडी जेमतेम वीस. म्हणजे दोन देशांत मिळून सव्वाशेंच्या आंतच जागा. १९६०-६१ च्या हंगामांत ओ’रीला बोस्टननें पुन्हां घेतलें आणि तो ४३ सामने खेळला. १ जानेवारी १९६१ रोजीं बोस्टन येथें, पुन्हां त्याच कॅनेडियन्स संघाविरुद्ध, त्यानें मोठ्या लीगमधील आपला पहिला गोल केला. सामना ३-२ असा संपला, आणि विजयाचा गोल ओ’रीचा ठरला. सगळें क्रीडागृह उभें राहून टाळ्या वाजवीत होतें.

सगळीकडे टाळ्याच मिळाल्या असें नाहीं. कॅनडांतील शहरांपेक्षां अमेरिकेंतील शहरांत प्रेक्षकांच्या शिव्या अधिक ऐकावयास मिळत, असें तो म्हणे. काळीं मांजरें बर्फावर फेंकण्यापर्यंत कांहीं महाभागांची मजल गेली होती. शिकागो येथील एका सामन्यांत प्रतिपक्षाच्या गड्यानें अपशब्द उच्चारीत काठीचें बोथट टोंक त्याच्या तोंडावर हाणलें. पुढचे दोन दांत पडले. ओ’रीनें उलट काठी उगारून त्याच्या डोक्यावर मारली, आणि बर्फावर जी झुंबड उडाली ती निस्तरावयास बराच वेळ लागला. एरवीं मात्र शिवीला उत्तर म्हणून काठी उगारावयाची नाहीं, असा त्याचा परिपाठ होता. तसें केलें असतें तर प्रत्येक सामना शिक्षेच्या बांकावरच काढावा लागला असता.

हंगाम संपला तेव्हां पुढच्या वर्षीं परत येण्याची तयारी ठेव, असें सांगून चालकांनीं त्याला निरोप दिला. कांहीं आठवड्यांतच, त्याचा करार मॉन्ट्रिऑलच्या कॅनेडियन्सकडे वर्ग झाला असल्याचें त्याला कळलें. १९५६ पासून १९६० पर्यंत सलग पांच वर्षें अजिंक्यपदाचा ‘स्टॅनले चषक’ या संघाकडे होता. तेथें नव्या गड्याला शिरकाव मिळणें दुरापास्तच. ओ’रीला दुय्यम संघांत टाकण्यांत आलें, आणि १९६१ च्या नोव्हेंबरांत तेथूनहि त्याला लॉस एंजेलिस ब्लेड्स या पश्चिम किनाऱ्यावरील संघाला विकून टाकलें. मोठ्या लीगमधील त्याचा हिशेब तेथेंच पुरा झाला : सामने ४५, गोल ४, आणि इतरांच्या गोलांना हातभार १०.

आणि खरी नवलाची गोष्ट ही कीं, त्याचा उत्तम खेळ यानंतर सुरू झाला. लॉस एंजेलिसच्या संघांत डाव्या बगलेचे गडी पुष्कळ होते आणि उजव्या बगलेचे कमी. शिक्षकानें ओ’रीला उजव्या बगलेवर जाण्यास सांगितलें. डोळ्याची गोष्ट त्यालाहि ठाऊक नव्हती. केवळ संघाची सोय म्हणून त्यानें हा पालट केला. परंतु त्या एका पालटानें सगळें चित्र फिरलें! आतां कुंपण उजवीकडे, आंधळ्या बाजूला. आणि सारा खेळ डावीकडे, धड डोळ्याच्या बाजूला. मान वळविण्याची जरुरीच राहिली नाहीं. एक अडचण नवी आली. तो डाव्या हाताचा खेळाडू असल्यामुळें या बाजूला चकती काठीच्या पाठीवर घ्यावी लागे. परंतु सरावानें ती दूर होण्यासारखी होती, आणि झालीहि. १९६४-६५ आणि १९६८-६९ या दोन हंगामांत त्यानें प्रत्येकीं ३८ गोल केले. चार हंगामांत तिसाचा आंकडा गांठला किंवा ओलांडला. ज्या खेळाडूला बोस्टननें ४ गोलांचा म्हणून जाऊं दिलें, त्याला कोणी तीन वर्षें आधीं उजव्या बगलेवर उभें केलें असतें तर काय झालें असतें, हा प्रश्न मनांत येतोच. पण तसें सुचविण्यासाठीं गुपित सांगावें लागलें असतें. आणि तें सांगितलें असतें तर डावी काय, उजवी काय, कोणतीच बगल मिळाली नसती. स्वतःचें गुपित असें मालकावरच उलटलें.

लॉस एंजेलिसलाच १९६२ सालीं एका सत्कारभोजनाच्या प्रसंगीं जॅकी रॉबिन्सनची पुन्हां गांठ पडली. संघाच्या शिक्षकानें ओ’रीचें नांव सांगतांच रॉबिन्सननें विचारलें कीं, ब्रुकलिनला भेटलेला मुलगा तो हाच काय? तेरा वर्षें मध्यें गेलीं होतीं, आणि त्या अवधींत रॉबिन्सनला हजारों मुलें भेटलीं असतील.

१९६७ सालीं नॅशनल हॉकी लीगमधील संघ सहाचे बारा झाले. जागा दुपटीनें वाढल्या. ओ’री त्या वेळीं बत्तिशीच्या घरांत होता. त्याला कोणी बोलाविलें नाहीं. तो सान डिएगोच्या गल्स संघांत गेला आणि १९७४ पर्यंत मुख्यतः तेथेंच खेळला. मोठ्या लीगमध्यें दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू आला तो त्याच १९७४ सालीं, वॉशिंग्टन संघाचा माइक मार्सन. पहिल्याच्या शेवटच्या सामन्यापासून दुसऱ्याच्या पहिल्या सामन्यापर्यंत तेरा वर्षें! रॉबिन्सनच्या पाठोपाठ बेसबॉलमध्यें जशी रांग लागली तशी हॉकींत लागली नाहीं. त्याचें कारण केवळ चालकांचा दुराग्रह होता असें म्हणणें एकांगी होईल. कॅनडांत कृष्णवर्णीयांची वस्तीच विरळ, आणि बूट, काठी व बर्फाचें पटांगण यांचा खर्च गरिबाला पेलणारा नव्हे. पण दुराग्रह मुळींच नव्हता असेंहि कार्नेगीची हकीगत ऐकल्यावर कोणी म्हणूं धजणार नाहीं.

१९७८-७९ चा हंगाम सान डिएगोच्याच हॉक्स संघाकडून खेळून ओ’रीनें काठी खालीं ठेवली. वय ४३. धंदेवाईक खेळाडूला त्या काळीं आजच्यासारखे लक्षावधि डॉलर मिळत नसत, तेव्हां चरितार्थासाठीं नोकरी करणें भाग होतें. किरकोळ कामें करतां करतां तो सान डिएगोजवळील एका मोठ्या हॉटेलांत पहारा-विभागांत लागला. १९९८ सालीं नॅशनल हॉकी लीगनें त्याला शोधून काढून निरनिराळ्या वंशांच्या व गरीब वस्त्यांतील मुलांना या खेळाकडे वळविण्याच्या कामावर नेमलें. त्या वेळीं त्यानें साठी ओलांडली होती. पुढें वीस वर्षांहून अधिक काळ तो शहरोशहरीं हिंडून शाळांतून आणि बर्फाच्या पटांगणांतून मुलांशीं बोलत राहिला. डोळ्याची हकीगत त्यानें २००० सालीं निघालेल्या आत्मचरित्रांत सविस्तर सांगितली, आणि मुलांपुढेंहि ती तो मोकळेपणीं सांगे.

मानसन्मान आले ते उतारवयांत. फ्रेडरिक्टनमधील नव्या हिमक्रीडागृहाला २००८ सालीं त्याचें नांव देण्यांत आलें. २०१८ च्या नोव्हेंबरांत टोरोंटो येथील ‘हॉकी हॉल ऑफ फेम’मध्यें त्याचा समावेश झाला, पण तो खेळाडूंच्या वर्गांत नव्हे, तर ज्यांनीं खेळाची उभारणी केली अशांसाठीं जो वेगळा वर्ग आहे, त्यांत. ४ गोलांच्या आंकड्यावर खेळाडूंच्या वर्गांत जागा मिळणें शक्यच नव्हतें, आणि परीक्षकांनीं केलेली ही निवड अगदीं चोख म्हटली पाहिजे. पहिल्या सामन्याला बरोबर ६४ वर्षें झालीं त्या दिवशीं, म्हणजे १८ जानेवारी २०२२ रोजीं, बोस्टन संघानें त्याचा २२ हा क्रमांक कायमचा राखून ठेविला, आणि तो आंकडा घातलेलें निशाण क्रीडागृहाच्या छताशीं चढविलें. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला अमेरिकन कायदेमंडळाचें सुवर्णपदक देण्याच्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. बोस्टनच्या समारंभाला मात्र तो जाऊं शकला नाहीं. महामारीचा काळ होता, वय ८६ वर्षांचें होतें. खंडाच्या दुसऱ्या टोंकाला, सान डिएगोंत बसून, तें निशाण वर चढत असतांना त्यानें पडद्यावर पाहिलें.